ऑपरेशन चालतं, मग व्यायाम का चालत नाही?

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं की पुरुष पुढच्या बऱ्याच गोष्टी धीराने घेतात. बायोप्सी होते, स्कॅन होतात, रोबोटच्या मदतीने अख्खी ग्रंथी काढली जाते, मग आठवडा-दीड आठवडा लघवीची नळी आणि पिशवी सांभाळत घरात वावरावं लागतं. यातल्या कशालाही सहसा नकार येत नाही. नंतर नळी निघते, लघवी गळायला लागते आणि डॉक्टर सांगतात, "फिजिओथेरपिस्टना भेटा, व्यायाम शिकून घ्या." इथे गाडं अडतं. चिठ्ठी फाइलमध्ये जाते आणि तिथेच राहते. पुढच्या भेटीत विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. वेळ नाही झाला, हळूहळू कमी होतंय, आणि त्यातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे, "ते बायकांचं असतं ना?"

लघवीवरचा ताबा गेलेल्यांना तो परत मिळवायला शिकवणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे बायका येतात आणि पुरुष पाठवले जातात. पाठवलेल्यांपैकी बरेच जण येतच नाहीत. जे येतात ते उशिरा येतात, आणि अनेकदा त्यांच्या वतीने फोन बायकोने किंवा मुलीने केलेला असतो. आमच्या क्षेत्रात याचं एक सोपं स्पष्टीकरण रूढ आहे: पुरुषी अहंकार. एवढं म्हटलं की आम्ही मोकळे होतो. मला ते मान्य नाही. पुरुषांच्या मनात संकोच असतो हे खरं. पण हा उपचार आपण ज्या पद्धतीने, ज्या जागी आणि ज्या वेळी त्यांच्यासमोर ठेवतो, त्याने तो संकोच पक्का होतो. नकार त्यांचा असला तरी त्याची मोठी जबाबदारी उपचार देणाऱ्यांवर येते.

आधी शरीरात काय होतं ते सांगते, कारण ते पेशंटला कोणी नीट सांगत नाही आणि पुढचे बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात. पुरुषाच्या मूत्रमार्गाला दोन ठिकाणी आवळून धरणारे स्नायू असतात. एक वर, मूत्राशयाच्या तोंडाशी. तो आपोआप चालतो, आपल्या हुकमाची वाट बघत नाही. दुसरा प्रोस्टेटच्या खाली, मूत्रमार्गाभोवती कड्यासारखा, आणि तो आपल्या इच्छेने आवळता येतो. एरवी वरच्यानेच बराचसा भार उचललेला असतो. प्रोस्टेट काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या या वरच्या व्यवस्थेला धक्का लागतोच. सर्जन मूत्राशय खाली ओढून उरलेल्या मूत्रमार्गाला शिवतात. आता सगळी भिस्त खालच्या स्नायूवर येते. आजवर त्याला हे काम एकट्याने कधी करावं लागलेलं नसतं, आणि नेमका या वेळी तो ऑपरेशनमुळे दुखावलेला असतो. म्हणून पडून असताना माणूस कोरडा राहतो आणि खुर्चीवरून उठताना ओला होतो. सकाळी बरं असतं, संध्याकाळी स्नायू थकले की जास्त गळतं. हे माहीत नसलेल्या माणसाला वाटतं, ऑपरेशन बिघडलं, किंवा आपणच आता संपलो. दिवसभरात हा चढउतार का होतो हे कळलं की चेहऱ्यावरचा अर्धा ताण उतरतो. हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलं आहे.

शस्त्रक्रियेने या बाबतीत खूप मजल मारली आहे. 1982 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी प्रोस्टेटच्या बाजूने जाणाऱ्या नसा वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत दाखवली, पुढे दुर्बीण आली, रोबोट आला. तरीही नळी काढल्यानंतरचे काही आठवडे किंवा महिने गळती होणं हे आजही नेहमीचंच आहे. बहुतेकांची ती पहिल्या वर्षात बरीच कमी होते. काहींची राहते.

आणि ही गोष्ट फक्त कॅन्सरवाल्यांची नाही. प्रोस्टेट वाढल्यामुळे दुर्बिणीने खरवडून काढलेले पेशंट आहेत, मधुमेहामुळे किंवा पक्षाघातानंतर मूत्राशय ऐकेनासं झालेले आहेत, पार्किन्सन्स झालेले आहेत. शिवाय एक तक्रार अशी की ती सांगायला कोणी येत नाही: लघवी करून झाली, कपडे नीट केले, चार पावलं चालले आणि मग थोडी लघवी आपसूक निघाली. चाळिशी-पन्नाशीतल्या धडधाकट माणसांनाही हे होतं. मूत्रमार्गाचा जो भाग वृषणांच्या मागे खोलगट आहे तिथे थोडी लघवी साचून राहते आणि ती बाहेर ढकलणारा स्नायू सुस्तावलेला असतो. उपाय काय, तर लघवी झाल्यावर तो स्नायू एकदा जोरात आवळायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वृषणांच्या मागे बोटांनी हलका दाब देत पुढे आणायचा. शिकवायला पाच मिनिटं पुरतात. या पाच मिनिटांच्या अभावी माणसं वर्षानुवर्षं गडद रंगाच्या पँट घालतात, शर्ट बाहेर काढून वावरतात, स्वच्छतागृहातून निघताना हात धुतल्याचं पाणी मुद्दाम पँटवर उडवून घेतात.

आता 'बायकांचं' याविषयी. हा समज हवेतून आलेला नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं ते बाळंतपणानंतर सैलावलेल्या बायकांच्या स्नायूंबद्दल. त्यांचं नाव या व्यायामाला चिकटलं आणि पुढची कित्येक दशकं हे ज्ञान प्रसूतिविभागातून प्रसूतिविभागात फिरलं. त्याने बायकांचं फार भलं झालं. पण आजही हा उपचार ज्या खोलीत मिळतो तिच्या दारावर बऱ्याचदा 'स्त्री-आरोग्य' लिहिलेलं असतं. भिंतीवर गर्भाच्या वाढीचे तक्ते, टेबलावर स्त्रीच्या श्रोणीचा प्लॅस्टिकचा सांगाडा, बाहेर बाकावर गरोदर बायका. त्या बाकावर पासष्टीचा एक गृहस्थ फाइल मांडीवर धरून बसतो आणि प्रत्येक जण त्याच्याकडे बघून ठरवतो की हे बायकोला घेऊन आले असावेत. नाव पुकारल्यावर तो उठतो तेव्हा ते सगळ्यांना कळतं. त्याला अहंकारी म्हणण्याआधी आपण ही बाकाची व्यवस्था बघायला हवी.

बाईला या आजाराच्या आधी काहीतरी पूर्वतयारी मिळालेली असते, हेही लक्षात घ्यायला हवं. पाळीमुळे पॅड तिला नवा नसतो. गरोदरपणात, बाळंतपणात शरीराच्या या भागाविषयी कोणीतरी परकं माणूस तिच्याशी बोललेलं असतं, तपासणी झालेली असते. पुरुषाला यातलं काहीही माहीत नसतं. साठीनंतर एके दिवशी त्याला दुकानात जाऊन आयुष्यातला पहिला पॅड मागायचा असतो. पुरुषांसाठी पुढून रुंद, खोलगट आकाराचे वेगळे पॅड मिळतात हे ठाऊक नसल्यामुळे कोणी बायकांचे वापरतो, कोणी रुमालाच्या घड्या घालतो. बाहेर गेल्यावर पॅड बदलला तर टाकायचा कुठे? पुरुषांच्या स्वच्छतागृहात डबाच नसतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके या संस्थेला एवढ्या एका गोष्टीसाठी मोहीम चालवावी लागली. भिजलेला पॅड पिशवीत गुंडाळून खिशात किंवा बॅगेत घालून घरी आणणारी माणसं मला माहीत आहेत. ज्याचा प्रश्न इमारत बांधणाऱ्यांनीही मोजलेला नाही, त्याने तो मोकळेपणाने बोलावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

याहून खोलवरचं एक कारण मला दिसतं. लघवी आवरायला आपण वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकलो. शिकलो हे कोणालाच आठवत नाही. त्यामुळे तो ताबा गेला की माणसाला वाटतं, जे आपोआप होतं ते बंद पडलं. आता एक तर आपोआप परत येईल, नाहीतर डॉक्टर काहीतरी करतील. ही गोष्ट पुन्हा शिकता येते, ती शिकवणारी माणसं असतात, हे त्याच्या कल्पनेतच बसत नाही. गोळी घेताना काही शिकावं लागत नाही. पॅड लावताना, ऑपरेशनच्या टेबलावर झोपताना काही शिकावं लागत नाही. फिजिओथेरपी मात्र माणसाला विद्यार्थी बनवते, तेही ज्या विषयात त्याने बालवाडीच्या आधीच पास व्हायला हवं होतं त्या विषयात. माझ्या मते पुरुषांना सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. बाईसमोर कपडे सैल करण्याची लाज एका भेटीत ओसरते. शिकाऊ होण्याची लाज जायला वेळ लागतो, आणि ती घालवणं हे शिकवणाऱ्याचं काम असतं.

आणि आपण शिकवतो कसं? बहुतेक ठिकाणी एक कागद देतो. त्यावर लिहिलेलं असतं, लघवी अडवताना जे स्नायू वापरता ते आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा, दिवसातून तीनदा. मोठा माणूस हा कागद घरी नेतो आणि जे करतो ते बघण्यासारखं असतं. नितंब घट्ट आवळतो, मांड्या जवळ घेतो, श्वास रोखतो, पोट आत ओढतो. मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू यात कुठेच नसतो. उलट श्वास कोंडून पोट आवळल्याने मूत्राशयावर वरून दाब येतो आणि गळती वाढते. ज्यांनी आयुष्यभर व्यायाम केलेला असतो त्यांची गत आणखी वाईट. ते पहिल्याच दिवशी दोन-तीनशे वेळा आवळतात, संध्याकाळपर्यंत स्नायू गळून जातो, नेहमीपेक्षा जास्त ओले होतात आणि निष्कर्ष काढतात की या व्यायामाने नुकसानच झालं. कागदाला प्रश्न विचारता येत नाही, मग ते थांबवतात.

पुरुषांसाठी नेमके कोणते शब्द वापरावेत यावर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी फार उपयोगी काम केलं आहे. वृषणांच्या मागे, बाहेरून अल्ट्रासाउंडचा प्रोब धरून त्यांनी बघितलं की वेगवेगळ्या सूचना दिल्यावर आत नेमकं काय हलतं. 'गुदद्वार आवळा' म्हटलं की मागचा भाग जोरात उचलला जातो. 'मूत्राशय वर उचला' म्हटलं की पोटाचे स्नायू मध्ये पडतात. मूत्रमार्गाभोवतीचं कडं सगळ्यात चांगलं आवळलं गेलं ते 'शिश्न आत ओढून आखूड करा' या सूचनेने. वाचायला हे चमत्कारिक वाटेल. पण विचार करा, बाईला ही सूचना देताच येणार नाही, आणि बायकांच्या सूचना जशाच्या तशा पुरुषांना देऊन आपण वर्षानुवर्षं त्यांच्या मागच्या स्नायूचा व्यायाम करून घेत होतो.

मी शिकवते तेव्हा अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर आधी पाच मिनिटं काहीच होत नाही. समोरचा माणूस तोंड घट्ट मिटून प्रयत्न करत असतो, सगळं शरीर ताठ. ज्याने कधी कान हलवले नाहीत त्याला कान हलव म्हणावं, तशी त्याची अवस्था असते. मी म्हणते, "काका, जोर लावू नका. श्वास चालू राहू द्या. थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उतरताना शरीर पुढून कसं आत जातं, तसं फक्त करा." आणि मग कधीतरी त्या करड्या पडद्यावर मूत्रमार्गाचा एक छोटा भाग मागे सरकतो. दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर. "हे मी केलं?" असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पुन्हा करून बघतो, मुद्दाम सोडतो, पुन्हा ओढतो. त्यानंतर त्याला व्यायाम करा म्हणून मागे लागावं लागत नाही. तो स्वतः विचारायला लागतो, उठायच्या किती आधी आवळायचं, शिंक येतेय कळलं की पुरे का, बसून केलेलं उभ्याने का जमत नाही. अशा माणसाला उपचारात रस नाही असं कोणी म्हणू शकेल का? त्याला त्याचा स्नायू आजवर कोणी दाखवलेलाच नव्हता.

इथे पुराव्यांबद्दल सरळ बोलायला हवं, कारण या उपचाराची बाजू घेणारे बऱ्याचदा अर्धंच सांगतात. 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बेल्जियममधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. प्रोस्टेट काढल्यानंतर ज्यांना फिजिओथेरपिस्टने शिकवलं त्यांच्यापैकी 88 टक्के तीन महिन्यांनी कोरडे झाले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 56 टक्के होतं. मग 2011 मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधली बरीच मोठी चाचणी आली, आणि तिने पाणी फिरवलं. प्रोस्टेट काढून सहा आठवडे झाल्यावरही गळती असलेल्या पुरुषांना चार वेळा भेटून शिकवलं, तरी वर्षभराने शिकवलेल्यांपैकी 76 टक्के आणि न शिकवलेल्यांपैकी 77 टक्के पुरुषांची थोडीफार गळती शिल्लक होती. फरक शून्य म्हणावा इतका. त्याच वर्षी अमेरिकेत तिसरी एक चाचणी झाली. ऑपरेशन होऊन एक वर्षाहून जास्त काळ गेला तरी गळती थांबली नव्हती अशा 208 पुरुषांवर. आठ आठवडे व्यायाम आणि लघवीच्या सवयींचं शिक्षण दिल्यावर गळतीचे प्रसंग 55 टक्क्यांनी कमी झाले, नुसती वाट बघणाऱ्यांमध्ये 24 टक्क्यांनी. व्यायामाला विजेचे झटके आणि यंत्रांची जोड देऊन जास्त काही हाती लागलं नाही, हेही त्यातून कळलं.

ब्रिटिश चाचणीचा आधार घेऊन 'यात काही अर्थ नाही, आपोआपच थांबतं' असं म्हणणारे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपोआप सुधारणा होते, आणि ती आमच्या खात्यावर जमा करून घेण्याचा मोह आम्हाला होतो. पण त्या चाचणीत दुसऱ्या गटातल्या अनेकांनीही स्वतःहून व्यायाम केले होते; जगात आता कागद सगळ्यांनाच मिळतो. शिकवणं ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी सुरू झालं होतं. आणि पुरुषांच्या मूत्रमार्गाच्या स्नायूबद्दलची वर सांगितलेली माहिती त्यानंतरची आहे. माझ्या लेखी या तिन्ही चाचण्या मिळून एक गोष्ट सांगतात: कसंतरी, केव्हातरी शिकवलेल्या व्यायामाचा भरवसा धरू नये. पुढे ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीत ऑपरेशनच्या पाच आठवडे आधीपासून, उभं राहून, दिवसातून सहा वेळा जलद आणि सावकाश असे दोन्ही प्रकारचे व्यायाम करणारे पुरुष नेहमीच्या पद्धतीने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा लवकर कोरडे झाले. चाचणी लहान होती, 97 जणांची. पण दिशा मला पटते. माणूस गळतो तो उभा असताना, मग झोपवून का शिकवायचं? स्नायू धडधाकट असताना, दुखत नसताना शिकणं सोपं, मग नळी निघून पँट भिजेपर्यंत का थांबायचं?

ऑपरेशनच्या आधी शिकवण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. तेव्हा लाज नसते. गळती अजून सुरू झालेली नसते. फिजिओथेरपी ही रक्ततपासणीसारखी तयारीतली एक पायरी असते, आणि तयारी करायला पुरुष कधीच कमी पडत नाहीत. तीच गोष्ट महिन्या-दोन महिन्यांनी सांगितली की ती त्याच्या कमीपणाची जाणीव करून देते. माणूस तोच, व्यायाम तोच, फक्त सांगण्याची वेळ बदलली तर होकाराचा नकार होतो. त्यामुळे 'पुरुष तयार होत नाहीत' असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: तुम्ही विचारलंत कधी?

न विचारल्यावर काय होतं तेही पाहू. माणूस गप्पपणे जगणं आवळत आणतो. पाणी कमी पितो. त्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला जळजळ होते आणि घाईची लागणं वाढतं. बाहेर पडायच्या आधी गरज नसताना जाऊन येतो, दर अर्ध्या तासाला जातो. मग मूत्राशयाला थोड्याशा लघवीचीच सवय लागते. लांबचा प्रवास बंद, पोहणं बंद, नातवंडाला उचलणं बंद. कामजीवनाबद्दल तर कोणी बोलतच नाही. प्रोस्टेट काढलेल्या काहींची परमोच्च क्षणी लघवी गळते. हे त्यांना आधी सांगितलेलं नसतं, म्हणून ते जोडीदारापासून लांब झोपायला लागतात आणि तिला वाटतं, आजाराने मन उडालं. हेच तळाचे स्नायू लिंगाच्या ताठरतेतही भाग घेतात. ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट ग्रेस डोरी यांनी ताठरतेची तक्रार असलेल्या 55 पुरुषांना हे व्यायाम शिकवले तेव्हा त्यांच्यापैकी 40 टक्क्यांची क्षमता पूर्ववत झाली. ते पुरुष प्रोस्टेट काढलेले नव्हते, त्यामुळे हा आकडा ऑपरेशन झालेल्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी हे व्यायाम 'बायकांचे' आहेत असं म्हणणाऱ्याला मी ही माहिती आवर्जून सांगते, आणि चर्चा तिथून वेगळ्या वळणाने सुरू होते.

संकोचाचा मान राखायलाच हवा. कोणाला स्पर्श नको असेल, कोणाला शिकवणारा पुरुषच हवा असेल, तर तो त्याचा हक्क आहे. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी उपयोगी पडते. पण ती अटळ नाही, आणि पेशंटच्या संमतीशिवाय ती होताच कामा नये. बाहेरून अल्ट्रासाउंडने दिसतं, आरशात बघूनही बरंच कळतं: शिश्नाचा मूळ भाग आत ओढला जातो, वृषण किंचित वर उचलले जातात. हे पर्याय आहेत असं पहिल्या भेटीआधीच सांगितलं तर कितीतरी माणसं येतील. आज त्यांना वाटतं, आत गेलो की काय काय करावं लागेल कोण जाणे, आणि या धास्तीने ते दाराशीच थांबतात.

तसंच, प्रत्येक गळती व्यायामाची नसते. काहींचं मूत्राशय कधी नीट रिकामंच होत नाही आणि ते तुडुंब भरून वाहत असतं. लघवीत रक्त येत असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, लघवी एकाएकी तुंबली असेल तर आधी डॉक्टरच, आणि लगेच. ओटीपोटात जुनाट वेदना असलेल्या काही पुरुषांचे तळाचे स्नायू मुळातच आवळलेले असतात; त्यांना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं, त्यांना सैल सोडायला शिकवावं लागतं. आणि वर्षभर नीट शिकून, नीट करूनही माणूस भिजतच असेल तर त्याला आणखी वर्षभर 'करत राहा' म्हणणं हा अन्याय आहे. मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवता येते, कृत्रिम झडप बसवता येते. अशा झडपा 1970च्या दशकापासून वापरात आहेत. मी माझ्या पेशंटला हे पहिल्याच भेटीत सांगते. व्यायामाने जमलं नाही तर त्याने स्वतःला दोष देत बसू नये म्हणून सांगते.

सर्जनकडून माझी अपेक्षा फार नाही. ऑपरेशनची तारीख ठरवताना फिजिओथेरपीची तारीखही त्याच कागदावर लिहावी, ऑपरेशनच्या आधीची. गळती होणार, किती दिवस होऊ शकते, कामजीवनावर काय परिणाम होईल हे तोंडाने सांगावं, आणि ते पेशंट एकटा असताना सांगावं, कारण बायको शेजारी बसली की निम्मे प्रश्न गिळले जातात. नळी असेपर्यंत हे व्यायाम सहसा थांबवतात, ती काढताना पुन्हा सुरू करण्याची आठवण करावी. नंतरच्या भेटीत "कसं चाललंय?" एवढं न विचारता "दिवसाला किती पॅड लागतात, ते किती भिजतात?" असं विचारावं. वापरलेल्या पॅडचं वजन करायला सांगावं. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. 'बरं आहे' म्हणणारा माणूस वजन मात्र खरं सांगतो, आणि आठवड्या-आठवड्याला ते घटताना दिसलं की व्यायाम सोडत नाही.

रुग्णालयांनी त्या दारावरची पाटी बदलावी, भिंतीवर पुरुषाच्या शरीराचाही एक तक्ता लावावा, पुरुषांच्या स्वच्छतागृहात झाकणाचा डबा ठेवावा. यातल्या कशालाच मोठं यंत्र लागत नाही.

पुरुषांनाही एक सांगायचं आहे, आणि ते मी अजिबात दोष न देता सांगते आहे. तुमच्यापैकी जे कोरडे झाले त्यांनी ते कसं झालं हे कोणालाच सांगितलेलं नाही. ज्या मित्राचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे त्याला तुम्ही डॉक्टरचं नाव सांगता, विम्याचं सांगता, किती दिवस रजा लागेल ते सांगता. पॅड आणायला सांगत नाही, व्यायाम आत्तापासून शिकून घे असं सांगत नाही. माझ्याकडे वेळेवर, ऑपरेशनच्या आधी आलेल्या पुरुषांना मी विचारते, तुम्हाला कोणी पाठवलं? डॉक्टरांनी, असं काही जण म्हणतात. "माझ्याआधी ज्याचं झालं त्या मित्राने," असं म्हणणारे अजून फार थोडे आहेत, आणि तेच सगळ्यात कमी अवघडलेले असतात.